त्र्यंबोलीचा रुसवा आणि दोन क्रेडिट: लोककथेच्या एका वर्गाबद्दल

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात पुराणकथा, लोककथा आणि सर्जनशील लेखन असा दोन क्रेडिटचा ऐच्छिक विषय शिकवतात. एकूण ३० तास, आठवड्याला दोन. निवडावा का? निवडावा, आणि तो त्र्यंबोली म्हणजेच टेंबलाई देवीच्या कथेसाठी निवडावा.

या कथेला तब्बल तीन आठवडे दिलेत आणि ते योग्यच आहे. अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं; विजयाच्या सोहळ्यात त्र्यंबोलीला बोलवायचं राहिलं; ती रुसून टेंबलाईच्या टेकडीवर पाठ फिरवून बसली. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी तिच्या भेटीला जाते आणि कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो. वर्गात आधी करवीर माहात्म्य या पोथीतली कथा वाचतात, मग घरोघरची तोंडी कथा गोळा करतात आणि दोन्ही शेजारी मांडतात. पोथीत असुरवध मोठा, तर बायकांच्या सांगण्यात रुसवा मोठा. हा फरक मुलांना स्वतः सापडतो, तो फळ्यावर लिहून द्यावा लागत नाही. त्यानंतरचं लेखन म्हणजे तीच कथा ३०० शब्दांत, पण कोल्हासुराच्या तोंडून. मरताना त्यानं नगरीला आपलं नाव राहावं असा वर मागितला आणि देवीनं तो दिला, एवढ्या धाग्यावर मुलं फार चांगलं लिहितात.

घसरण होते ती प्रॉपच्या आराखड्यापाशी. व्लादिमीर प्रॉप या रशियन लोककथा-अभ्यासकानं १९२८ साली रशियन परीकथांवरून ३१ कार्ये, म्हणजे कथेत ठरावीक क्रमानं येणाऱ्या पात्रांच्या कृती, मांडली. चेटकीण, राक्षस, राजकन्येची सुटका असल्या गोष्टींना ती छान लागू पडतात. इथे मात्र तोच तक्ता श्रावणातल्या कहाण्यांवर बसवायला लावतात. 'आटपाट नगर होतं' म्हणून सुरू होणाऱ्या कहाणीत बहुतेकदा खलनायकच नसतो. घेतलेला वसा टाकला म्हणून विपदा येते, पुन्हा धरला की फिटते. मग रकाना भरायचा म्हणून सासूला नाहीतर जावेला खलनायक ठरवलं जातं आणि कहाणीचा जीवच जातो. वसा घेणं, उतणं-मातणं, विपदा, आठवण, उद्यापन असा साधा पाच टप्प्यांचा आराखडा दिला तर पुरेल.

क्षेत्रकार्याची तयारी नेटकी आहे. चार जणांचा गट, मोबाईल विमान मोडवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, पंखा बंद. परवानगी आधी विचारायची. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि कथा कुणाकडून ऐकली हे बोलून घ्यायचं. दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण उतरवायला तासाहून जास्त लागतो. मुलं हे शेवटच्या आठवड्यावर ढकलतात आणि तिथंच फसतात. घाईत बोली 'शुद्ध' होते. आजी म्हणते, 'मी टेंबलाईला गेलतो', कागदावर येतं 'मी गेले होते'. कोल्हापूरकडच्या बाईच्या तोंडचं ते 'गेलतो' गेलं की सांगणारीच गेली. उतरवलेलं पान ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहायला दुसऱ्या गटाला दिलं तर हे थांबेल. सध्या तशी पद्धत नाही.

जात्यावरच्या ओव्यांनाही हेच लागू. चाल न घेता नुसते शब्द उतरवले की ओळ कुठे तुटते ते कळत नाही, आणि मग मुलं चारोळीसारखं यमक जुळवत बसतात. ओवी म्हणवून घ्यावी, जमलं तर जात्याशी बसूनच. हात फिरायला लागला की विसरलेल्या ओव्याही येतात. गोंधळावरचा तास त्यामानाने उरकलेला वाटतो. संबळ आणि तुणतुण्याची चित्रं दाखवून भागत नाही. एखाद्या गोंधळ्याला मानधन देऊन बोलवावं.

गुणांची विभागणी संकलनाला २०, लेखनाला २०, रोजनिशीला १० अशी आहे. आमच्या मते रोजनिशीचे पाच गुण संकलनाकडे वळवावेत. जमा झालेली ध्वनिमुद्रणं विभागाच्या कपाटात एका पेनड्राइव्हवर पडून आहेत, ना सूची ना दुसरी प्रत. ज्यांनी घसा कोरडा करून सांगितलं त्या आजीबाईंच्या घरीही त्यांचा आवाज परत पोचलेला नाही. निदान तेवढं तरी याच वर्षी करावं.