ओएसटिकेट, दोन सेमिस्टरनंतर : अनोळखी माणसाचं तिकीट उघडताना

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आयटी विभागात सगळ्या तक्रारी आता ओएसटिकेट या हेल्पडेस्क सॉफ्टवेअरवर घेतो. वाय-फाय चालत नाही, ईआरपीला (कॉलेजच्या कारभाराच्या सिस्टिमला) लॉगिन होत नाही, परीक्षेच्या फॉर्मवर फोटो चढत नाही, असं काहीही असो; एका पत्त्यावर मेल आली की तिचं तिकीट बनतं. रोजच्या कामाला सॉफ्टवेअर चोख आहे. ठरावीक उत्तरं साठवून ठेवता येतात आणि तक्रारी विषयानुसार आपोआप वाटल्या जातात. एकाच तिकिटावर दोघं बसले तर तसं लगेच दिसतं. ओपन सोर्स असल्यामुळे खर्च फक्त सर्व्हरचा. मला लिहायचंय ते क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगबद्दल, म्हणजे बाहेरच्या माणसाने मजकुरात दडवलेली स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) आपल्या साइटवर चालण्याबद्दल, कारण हेल्पडेस्क निवडताना हा प्रश्न फार कमी लोक विचारतात.

हेल्पडेस्कमध्ये मजकूर लिहिणारा कुणीही असू शकतो आणि तो उघडतो मात्र जास्तीत जास्त अधिकार असलेला माणूस. तक्रारीत, विषयात, नावाच्या रकान्यात किंवा जोडलेल्या फाइलमध्ये स्क्रिप्ट दडवली आणि सॉफ्टवेअरने ती तशीच पानावर उमटवली, तर ब्राउझरच्या दृष्टीने ती आपल्याच साइटची असते. मग ती एजंटच्या, म्हणजे तिकिटं हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, लॉगिनखाली चालते. सेशन कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी ब्राउझरमधली नोंद) एचटीटीपी-ओन्ली केली की स्क्रिप्टला ती वाचता येत नाही, हे खरं. पण कुकी न वाचताही त्याच टॅबमधून तिकिटं वाचणं, उत्तर पाठवणं, अ‍ॅडमिन असेल तर नवा एजंट तयार करणं, हे सगळं ती करू शकते. पानावरचं सीएसआरएफ टोकन, म्हणजे विनंती आपल्याच पानावरून आली हे तपासायचा गुप्त कोड, तोसुद्धा तिला दिसतो.

यातून काय होऊ शकतं ते बघायचं असेल तर एप्रिल २०१० मधलं अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचं प्रकरण वाचा. त्यांच्या जिरा या तक्रार नोंदवण्याच्या सिस्टिमवर एक साधी नोंद आली: काही प्रोजेक्ट बघताना अशी एरर येतेय, सोबत टायनीयूआरएलची (खरा पत्ता न दाखवणारी छोटी) लिंक. ती लिंक फिरून जिरावरच यायची, पण पत्त्यात स्क्रिप्ट दडवलेली. अनेक अ‍ॅडमिननी ती उघडली, आणि उघडणारच. तक्रार बघणं हेच त्यांचं काम. जोडीला पासवर्ड ओळखण्याचा माराही चालू होता. अ‍ॅडमिनचा ताबा मिळाल्यावर हल्लेखोरांनी अटॅचमेंट ठेवायची जागा बदलली, तिथे चालू शकणारी फाइल चढवली आणि पुढे लॉगिन करणाऱ्यांचे पासवर्ड गोळा करायला लागले. त्यातला एक पासवर्ड सर्व्हरवरच्या खात्यालाही तोच होता, आणि त्या खात्याला पूर्ण सुडो, म्हणजे सर्व्हरवर काहीही करायचे, अधिकार होते. अपाचीने हे सगळं स्वतःहून सविस्तर जाहीर केलं, म्हणून आज आपल्याला ते शिकता येतं. त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

ओएसटिकेटचा इतिहासही कोरा नाही. सीव्हीई-२०१९-१४७४८ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा त्रुटींची यादी) ही त्यातली मोठी त्रुटी. तिकिटासोबत कुणीही एचटीएमएल फाइल चढवायची आणि एजंटने क्लिक केलं की ती डाउनलोड न होता ब्राउझरमध्येच उघडायची, आतल्या स्क्रिप्टसकट. १.१०.७ आणि १.१२.१ या आवृत्त्यांमध्ये ती दुरुस्त झाली. २०२२ मध्ये ऑडिट प्लगइनमध्येही (प्लगइन म्हणजे वरून जोडायचा भाग) अशीच त्रुटी नोंदली गेली, म्हणजे मूळ सॉफ्टवेअर अपडेट केलं की काम संपलं असं नाही, प्लगइनही बघावे लागतात.

आम्ही लाइव्ह करण्याआधी वेगळ्या सर्व्हरवर चाचणी घेतली. नावाच्या रकान्यात स्क्रिप्ट टॅग लिहिला, तो यादीत कंसांसकट नुसती अक्षरं म्हणून दिसला. तोच मजकूर एचटीएमएल मेलमधून पाठवला, तर तिकिटात पोचेपर्यंत टॅग गळून गेला होता. हे काम एचटीएमलॉड नावाची लायब्ररी करते. एचटीएमएल फाइल जोडली, ती उघडली नाही, डाउनलोड झाली. मेलमधली बाहेरची चित्रंही बटण दाबेपर्यंत दिसत नाहीत. इथे माझा विश्वास बसला.

तरी काही गोष्टी आपण करायच्याच. तिकिटाच्या फॉर्मवर फाइलचे प्रकार मर्यादित करा. आम्ही पीडीएफ आणि फोटो एवढंच ठेवलंय. एसव्हीजी चित्र वाटतं, पण त्यात स्क्रिप्ट मावते, म्हणून ते बंद. रोजची तिकिटं अ‍ॅडमिन खात्यातून उघडू नका. अ‍ॅडमिनचं खातं वेगळं आणि ब्राउझर प्रोफाइलही वेगळं ठेवा. एजंटचं सेशन आयपीला (इंटरनेट जोडणीच्या पत्त्याला) बांधण्याची सोय आहे, ती चोरलेल्या कुकीविरुद्ध उपयोगी पडते. मात्र लाइट गेल्यावर ब्रॉडबँडवरून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेलं की पुन्हा लॉगिन करावं लागतं, एवढा त्रास आम्ही सोसतो. टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरी पडताळणी) १.१५ आवृत्तीपासून आहे, तेही चालू ठेवा, पण आधीच लॉगिन झालेल्या टॅबमधल्या स्क्रिप्टला ते अडवत नाही.

सगळ्यात कमकुवत बाजू अपडेटची. नवी आवृत्ती आली की अ‍ॅडमिन पॅनलमध्ये कळतं, पण बॅकअप घेऊन फाइली बदलायचं काम हातानेच करावं लागतं. परीक्षेच्या धामधुमीत ते पुढे ढकलावंसं वाटतं, आणि जुन्या आवृत्तीतली त्रुटी तोवर सीव्हीईच्या यादीत सगळ्यांना वाचायला खुली असते. आम्ही ही जबाबदारी नावानिशी एका सहकाऱ्याला दिली आहे. तुमच्याकडे असा माणूस असेल तर ओएसटिकेट बिनधास्त घ्या. नसेल तर ओएसटिकेट बनवणाऱ्यांचीच होस्टेड सेवा (त्यांच्या सर्व्हरवर चालणारी) घ्या आणि अपडेटचं काम त्यांच्याकडे सोपवा.