आयफिक्सिटचं प्रो टेक टूलकिट: लॅपटॉप घरीच उघडायचा असेल तर घ्याच

लॅपटॉप रिपेअरला टाकला की काउंटरवरचा माणूस सगळ्यात आधी फॉर्मवर पासवर्ड लिहून घेतो, आणि मग फोन येईपर्यंत आपले फोटो, बँकेची कागदपत्रं, ब्राउझरमधले सेव्ह लॉगिन सगळं कुणाच्या तरी टेबलावर पडून. पंखा साफ करायला किंवा बॅटरी बदलायला पासवर्ड लागत नाही, कळत असूनही आपण देतो कारण दुसरा उपाय दिसत नाही. आयफिक्सिट या दुरुस्तीची अवजारं विकणाऱ्या कंपनीचं हे किट मी घेतलं ते मुख्यतः यासाठी. पैसे वाचतातच, पण मशीन माझ्या टेबलावरून हलत नाही आणि डिस्क दुसऱ्याच्या हातात जात नाही, हे मला त्याहून मोठं वाटतं.

गुंडाळी करता येणारा कापडी रोल येतो, त्यात ६४ बिट्सचा (ड्रायव्हरला लावायच्या बदलत्या टोकांचा) डबा, मॅग्नेटवाला ड्रायव्हर, चिमटे, सक्शन कप, उघडायला पातळ प्लास्टिकच्या पिक्स, स्पजर म्हणजे कनेक्टर उचकटायची चपटी काडी, आणि अंगातली स्थिर वीज पार्ट्सना लागू नये म्हणून अँटी स्टॅटिक मनगटपट्टी. खरं काम बिट्सचं. लॅपटॉपला बहुतेक वेळा फिलिप्स म्हणजे अधिकच्या खुणेचा ० किंवा ०० नंबर पुरतो, पण मॅकबुकच्या पाठीला पाच पाकळ्यांचा पेंटालोब पी५ असतो, आयफोनच्या चार्जिंग पोर्टच्या दोन बाजूंना त्याहून बारका पी२, फ्रेमवर्क कंपनीच्या लॅपटॉपला सहा टोकांच्या चांदणीसारखा टॉर्क्स टी५, आणि घरातला साधा स्क्रूड्रायव्हर यातल्या कशातच नीट बसत नाही. "जवळपास बसतोय" म्हणून चुकीचा बिट जोर लावून फिरवला की स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं आणि मग पाच मिनिटांच्या कामाचा अख्खा दिवस होतो. इथे नेमका साइझ मिळतो आणि बिट खोबणीत घट्ट बसला की हाताला लगेच कळतं. ड्रायव्हरची वरची टोपी वेगळी फिरते, त्यामुळे तळवा टेकवून दोन बोटांनी बारका स्क्रू आरामात निघतो.

आता माझा लॅपटॉप सांगते. पंखा सतत ओरडायचा, तळ तापायचा, साधा व्हिडिओ कॉल लावला तरी स्लो. खालचे स्क्रू काढले आणि काढतानाच डब्याच्या झाकणात, तिथे कप्पे आहेत, लॅपटॉपवर होते त्याच क्रमाने मांडले, हे फार महत्त्वाचं कारण बिजागरीकडचे स्क्रू बऱ्याचदा लांब असतात आणि पुढचे आखूड, लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर बोर्ड किंवा वरचं कव्हर फुटू शकतं. मग कडेने पिक फिरवत एकेक क्लिप सोडवली. आत पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढायचा, बाकी कशालाही हात लावायच्या आधी. वरून बघितलं तर पंखा बऱ्यापैकी स्वच्छ होता, आणि पुष्कळ जण इथेच फुंकर मारून झाकण लावतात. पण पंखा काढून बाजूला घेतला तेव्हा पंखा आणि तांब्याच्या पाइपला जोडलेल्या जाळीच्या मधे गादीतल्या कापसासारखा दाट थर अडकला होता! चिमट्याने धरला तर अख्खाच्या अख्खा बाहेर आला. हवा जायला रस्ताच नव्हता तर मशीन थंड होणार कसं. हवेचा कॅन वापरणार असाल तर पाती बोटाने धरून ठेवा, हवेच्या जोराने पंखा गरागरा फिरू देऊ नका. मग हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) काढून त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवी लावली, आणि आवाज गेला. पेस्ट आणि अल्कोहोल किटमधे नाही, वेगळं आणावं लागतं.

टचपॅडचं क्लिक अचानक कडक झालं किंवा तळ टेबलावर डुगडुगायला लागला तर बॅटरी फुगली असू शकते, चार्जिंग तेव्हाच थांबवा आणि वापर बंद करा. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, धातूचं काही घालून उचकटायची तर अजिबात नाही. स्क्रूवर बसवलेली असेल तर घरी बदलता येते, पण गोंदाने चिकटवलेली आणि वर फुगलेली असेल तर ते काम मी स्वतःसुद्धा माहितगार माणसाला देईन. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या.

टूल्सपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे यांच्या साइटवरच्या गाइड्स, फुकट आहेत, किट घेतलं नाही तरी वाचता येतात. प्रत्येक पायरीला फोटो, कुठला स्क्रू किती मिलिमीटरचा तेही लिहिलेलं. कंपनी २००३ मधे सुरू झाली ती अशाच अडचणीतून, तिचा सहसंस्थापक काइल वीन्स कॉलेजात असताना आपलं आयबुक, म्हणजे ॲपलचा जुना लॅपटॉप, दुरुस्त करायला गेला आणि मॅन्युअल कुठे मिळेना. माझं म्हणणं, आधी तुमच्या मॉडेलची गाइड पूर्ण वाचा आणि मगच पहिला स्क्रू फिरवा. रिबन केबलच्या कनेक्टरला बारीक झडप असते, ती उचलायची असते की केबल सरळ ओढायची असते हे मॉडेलप्रमाणे बदलतं, आणि ते अंदाजाने करायचं काम नाही.

काय होणार नाही तेही सांगते. रॅम किंवा डिस्क बोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे धातू वितळवून पक्की जोडलेली असेल तर कितीही भारी किट असलं तरी अपग्रेड होत नाही. चार्जिंग पोर्ट बोर्डला सोल्डर असेल तर त्याला सोल्डरिंग आयर्न आणि सरावलेला हात लागतो. म्हणून आता कुठलंही मशीन घ्यायच्या आधी मी तीन गोष्टी बघते: खालचं कव्हर साध्या स्क्रूवर आहे का, एसएसडी (डिस्क) एम.२ स्लॉटमधे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या खाचेत आहे का, बॅटरी स्क्रूने बसवली आहे का. युरोपियन युनियनमधे १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद सोडले तर, वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम लागू होतोय, त्याचा फायदा बाकीच्यांनाही व्हावा अशी फार इच्छा आहे, कारण एकाच कंपनीने दोन बाजारांसाठी दोन डिझाइन का बनवावीत.

घरात दोन-तीन लॅपटॉप आणि फोन असतील तर हे किट बिनधास्त घ्या. फक्त एखादी एसएसडी बदलायची असेल तर एवढं मोठं लागत नाही, एक चांगला फिलिप्स ड्रायव्हर आणि दोन प्लास्टिक पिक्स पुरतात. आणि डेस्कटॉपच्या कॅबिनेटचे मोठे स्क्रू काढायला हा बारका ड्रायव्हर हाताला कमी पडतो, त्यासाठी जाड मुठीचा फिलिप्स २ वेगळा ठेवा.