माउंट अबूला हिरवी मुनिया बघायला गाइड घेतला, कसा होता अनुभव

डिसेंबरात दोन दिवस गेलो होतो, फक्त हिरव्या मुनियेसाठी. हा पक्षी मूळचा फक्त भारतातला, जेमतेम 10 सेंटिमीटरचा, पाठ हिरवी, पोट पिवळं, चोच लालभडक आणि बगलेवर काळेपांढरे पट्टे, आणि एवढा रंगीत असूनही गवतात बसला की अक्षरशः समोर असून दिसत नाही.

गाइड तिथलाच, तरुण मुलगा. गुरुशिखरच्या वाटेवर ओरिया गावाकडे घेऊन गेला. मला वाटलेलं घनदाट जंगलात जायचंय, पण त्याने शेताच्या कडेला घाणेरीच्या झुडपांपाशी थांबवलं आणि म्हणाला, साहब, यहीं बैठो. मग कळलं, या मुनियेला असंच लागतं, गवताचं बी खायला मोकळी जागा, लपायला काटेरी झुडूप आणि जवळ पाणी. मैदानात तर उसातही घरटी करते म्हणे, बऱ्याचदा जवळजवळ बरीच घरटी. पाऊण तास काहीच नाही, आणि मग बारीक, किणकिणता आवाज आला आणि सात-आठ मुनिया बांधावर उतरल्या. मादी फिकी असते, पट्टेही पुसट, ते त्याने मला शांतपणे दाखवलं. हात थरथरत होते माझे, फोटो सगळे हलले, पण डोळे भरून बघितलं.

मला सगळ्यात आवडलं ते हे की त्याने मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलावला नाही. शेजारच्या ग्रुपने लावला तर जाऊन हात जोडून बंद करायला लावला. पिंजऱ्यासाठी या मुनियेची वर्षानुवर्षं एवढी धरपकड झालीये की आता धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्याने पकडायला बंदी असूनही. त्यामुळे नेमकी जागा ऑनलाइन टाकू नका असं त्याने सांगितलं आणि मी इथेही टाकणार नाहीये.

तक्रार एकच, दुसऱ्या दिवशी जीप चाळीस मिनिटं उशिरा आली, ऊन चढलं आणि मुनिया झुडपात गेल्या त्या गेल्याच. आदल्या रात्री फोन करून वेळ पक्की करून घ्या. थंडी कडक असते, कानटोपी घ्याच, आणि कपडे मातकट रंगाचे. मी पुन्हा याच गाइडकडे जाणार, आईला घेऊन.