ब्रिटनमध्ये डिअर स्टॉकिंग: शेतकऱ्याची परवानगी, सिंडिकेट की पैसे भरून एक सकाळ?

डिअर स्टॉकिंग म्हणजे दबक्या पावलांनी माग काढून रायफलने हरणाची शिकार. त्यासाठी रायफल मिळते, कोर्स होतो, दुर्बीणही येते. घोडं अडतं ते जमिनीपाशी. ब्रिटनमध्ये रानातलं हरीण कोणाच्याच मालकीचं नसतं, पण ते मारण्याचा हक्क जमिनीबरोबर जातो आणि जमीन मात्र सगळी कोणाची ना कोणाची असते. परवानगीशिवाय हरणाच्या मागावर कोणाच्या रानात शिरलात, तर इंग्लंड-वेल्समध्ये १९९१ च्या डिअर ॲक्टखाली तोच गुन्हा. गोळी झाडायचीही गरज नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने माळरानं भटकायला मोकळी केली, पण शिकारीसाठी नाही.

त्यात पोलिसांचा परवाना. फायरआर्म सर्टिफिकेटसाठी सबळ कारण दाखवावं लागतं, म्हणजे नवख्याला पहिला प्रश्न: मारणार कुठे? जमीनवाला विचारतो, परवाना आहे का? लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशी गत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद झालेल्या देशातून आलेल्या आपल्यासारख्यांची अडचण आणखी एक: इथे ना मामाचं शेत, ना चुलत्याची ओळख.

या कोंडीतून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे पैसे भरून व्यावसायिक स्टॉकरबरोबर जाणं. स्वतःचा परवाना नसला तरी चालतं. सतरा वर्षांपुढच्या माणसाला खासगी जमिनीवर, तसा अधिकार असलेल्या परवानाधारकाच्या देखरेखीत त्याची रायफल वापरता येते. एका फेरीची फी, शिंगांचा नर पाडला तर बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे आणि मांस हवं तर किलोवर दर. महाग वाटतं, पण पोट साफ करणं, आतड्याजवळच्या लसिका ग्रंथी तपासणं, धड थंड खोलीपर्यंत नेणं हे सगळं जाणत्याच्या नजरेखाली शिकायला मिळतं. शिवाय परवानगी टिकवायची डोकेदुखी दुसऱ्याची.

सिंडिकेट म्हणजे मिळून शिकारीचे हक्क भाड्याने घेणारा गट. त्यात वर्षाची वर्गणी भरायची, ठरलेले दिवस आणि ठरलेली संख्या मिळते. पैसे भरण्याआधी करारनामा बघायला मागा. भाडेपट्टा कोणाच्या नावावर, किती वर्षं उरलीत, जमीन विकली गेली तर वर्गणीचं काय? उत्तर देताना म्होरक्या चाचरला तर तिथूनच परत फिरा. सरकारी जंगलातले हक्क टेंडरने जातात. एकट्या नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

आता शेतकऱ्याची परवानगी. सगळ्यांना हवी असते तीच, कारण बहुतेकदा ती फुकट असते. देशात हरणं वीस लाखांच्या घरात असावीत असा अंदाज नेहमी दिला जातो, गहू आणि कोवळी रोपं ती फस्त करतात. मग शेतकरी हात जोडून बोलावत असतील असं वाटेल. तसं होत नाही. जिथे हरणं भरपूर, तिथे आधीच कोणीतरी असतो, आणि तो जाईपर्यंत तुमचा नंबर लागत नाही.

होकार मिळाला तरी आधी एक गोष्ट तपासा: देणाऱ्याकडे हक्क आहे का? कसणारा कूळ असेल तर शिकारीचे हक्क अनेकदा जमीनदाराने स्वतःकडे राखलेले असतात. चहा पाजून 'या की कधीही' म्हणणाऱ्याचा शब्द तिथे पुरत नाही. हक्कदाराची सही असलेलं पत्र आणि हद्द आखलेला नकाशा, दोन्ही खिशात हवेत.

दुसरी मेख फेझंटची, म्हणजे शिकारीसाठी राखलेल्या पाखरांची. फेझंटचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. इंग्लंडमध्ये रो आणि फॅलो या जातींच्या हरणांच्या माद्या मारायचा काळ १ नोव्हेंबर ते ३१ मार्च. शेतावर फेझंटची शिकार भाड्याने दिलेली असली तर ती पाखरं सांभाळणारा गेमकीपर म्हणतो, पाखरं बिथरतात, फेब्रुवारीपर्यंत रानात पाऊल नको. पाच महिन्यांचे दोन उरले, आणि शेतकऱ्याला तर संख्या कमी करायला माद्याच पाडून हव्या असतात. हे आधी विचारलं नाही तर पहिलाच हिवाळा फुकट.

परवानगी टिकते ती नेमबाजीवर नाही. जायच्या आदल्या रात्री मेसेज, फाटक होतं तसं लावणं, ट्रॅक्टरच्या वाटेत गाडी न लावणं, मित्राला न विचारता न आणणं, आणि अधूनमधून स्वच्छ कापून पॅक केलेलं हरणाचं मांस मालकिणीच्या हातात. विम्याची प्रत न मागता द्या. शिकाऱ्यांच्या संघटनांच्या सदस्यत्वाबरोबर तो मिळतो. डीएससी १ हे स्टॉकिंगचं पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र कायद्याने सक्तीचं नसलं तरी दाखवलंत की बोलणं सोपं जातं. एवढं करूनही शेत विकलं जातं, किंवा मालकाचा पुतण्या रायफल घेतो आणि तुमचं काम संपतं. त्यावर इलाज नाही, म्हणून एकाच शेतावर विसंबू नका.

माझं मत असं: आठवड्यातली एखादी पहाट आणि अर्ध्या तासाच्या अंतरावर शेत, हे दोन्ही नसेल तर परवानगीमागे धावू नका. महिनोन्महिने न फिरकणारा माणूस शेतकऱ्याच्या उपयोगाचा नाही. लंडनच्या फ्लॅटमध्ये राहून वर्षातून दोन-तीनदा जायचं असेल तर पैसे भरून जाणंच परवडतं. सिंडिकेट मधल्यांसाठी: परवाना आहे, हात बसलाय, ओळखी नाहीत.

दक्षिण इंग्लंडात किंवा मिडलँड्समध्ये राहात असाल आणि शेतच हवं असेल तर मंटजॅकपासून सुरुवात करा. कुत्र्याएवढं हे हरीण छोट्या रानांतली कोवळी झाडं खातं, त्याला बंद हंगाम नाही आणि मिरवण्याजोगी शिंगंही नाहीत, म्हणून त्यासाठी रांग कमी. स्कॉटलंडच्या डोंगराची हौस असेल तर स्टॅगऐवजी (रेड हरणाच्या नराऐवजी) रेड हिंडचा, म्हणजे मादीचा दिवस घ्या. हंगाम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी, दर बराच कमी, आणि थंडीची तयारी मात्र दुप्पट.