ग्रँड आयलंडची बोट: चार फेऱ्यांनंतर

ग्रँड आयलंड म्हणजे गोव्याच्या किनाऱ्याजवळचं बेट. नोव्हेंबर ते एप्रिल, एका हंगामात तिथे चारदा गेले. पणजीत राहत असल्यामुळे पाहुणे आले की ही फेरी ठरलेली. साडेआठला बोट, दहाला मास्क लावून पाण्यात (स्नॉर्केलिंग), मग बेटाच्या पुळणीवर तासभर, दोनपर्यंत परत. माणशी १,६०० रुपये. बाकी काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला बोलायचंय ते वेळेबद्दल.

पहिल्या फेरीला दीर-जाऊ होते. पाण्यात उतरले तर सगळीकडे हिरवट धुरळा, स्वतःचे पाय दिसेनात. त्यात भाड्याचा मास्क. त्याची कड उन्हाने कडक झालेली, पट्टा ओढून ओढून घट्ट केला तरी नाकाशी पाणी साचत होतं आणि कपाळावरचा वळ संध्याकाळपर्यंत गेला नाही. घरी आल्यावर भेटेल त्याला सांगत सुटले, पैसे घालवू नका, त्यापेक्षा मालवणला जा.

ते मी आता मागे घेते. जानेवारीत बहीण मुलांना घेऊन आली, नाइलाजाने पुन्हा गेले. बोट तीच, जागा तीच, पण तळापर्यंत स्वच्छ दिसत होतं. खडकांवर प्रवाळाचे गोळे, त्यांच्यामधून पट्टेरी माशांचे थवे. एक पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडत होता. पाण्याखाली तो आवाज कानाला नीट ऐकू येतो, वाळलेली भाकरी चावल्यासारखा. भाची वर यायलाच तयार नव्हती.

मार्चमध्ये परत गढूळ. बोट सुटून पाऊण तास झाल्यावर खलाशी मला हळूच म्हणाला, "बाय, आयज उदक नितळ ना." म्हणजे आज पाणी स्वच्छ नाही. त्याला हे जेटीवरच माहीत होतं! तेव्हा घरी येऊन पंचांग काढलं. नोव्हेंबरची फेरी पंचमीची, मार्चचीही पंचमीची, जानेवारीची द्वादशीची.

आम्ही वेंगुर्ल्याचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे आजोबांनी लहानपणीच शिकवलं होतं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण हिशेब चुकत नाही. पंचमीला भरती पावणेचारला, म्हणजे दहाला पूर्ण ओहोटी. पुनवेचं किंवा अवसेचं उधाण अजून पुरतं ओसरलेलं नसतं आणि जुवारी नदीच्या तोंडचा गाळ ओढीबरोबर बेटापर्यंत येतो. एकादशीला भरती सव्वाआठला, द्वादशीला नऊला. पोचेपर्यंत समुद्राचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. वद्य पक्षातही गणित हेच.

बोटवाल्यांना हे कळत नाही असं नाही. तरी हंगामभर तिकिटावर साडेआठच. मार्चच्या फेरीनंतर काउंटरवर अर्धे पैसे मागितले, तर म्हणे फक्त हवामानामुळे बोट रद्द झाली तरच परत. मी पाण्याखाली काढलेले फोटो दाखवले. निम्मा तास वाद घातल्यावर एका तिकिटाचे निम्मे, ८०० रुपये, देतो म्हणाले.

एप्रिलमध्ये एकादशी बघून एकटी गेले, स्वतःचा मास्क घेऊन. सिलिकॉनची मऊ कड, १,४०० रुपये. नवीन काच आधी टूथपेस्टने चोळून घ्यायची, नाहीतर सारखं धुकं धरतं. थेंबभर पाणी आत आलं नाही. भाड्याच्या मास्कवर चिडचिड करण्यापेक्षा हा खर्च पहिल्याच फेरीआधी करायला हवा होता.

एकादशीला एक गोष्ट कमी मिळते, वाळू. जाहिरातीत 'सँडबार' लिहितात, पण ती बेटाची साधी पुळण आहे आणि भरतीला निम्म्याहून जास्त पाण्याखाली जाते. लहान मुलांना वाळूतच खेळायचं असेल तर पंचमी बरी. मला पाणी हवं, मी पुळणीवर बूड टेकवलं नाही तरी चालतं.

प्रवाळावर उभं राहू नका, हे मात्र कळकळीने सांगते. चारही वेळा लोक दम खायला त्यावर पाय ठेवताना पाहिले. ते दगड नाहीत, जिवंत आहेत, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. दमलात तर जॅकेटवर तरंगा, तेवढं ते नक्की तोलतं. बोटीवर हे कोणीही सांगत नाही. मी खलाशाला सांगायला लावलं, तेव्हा त्याने सांगितलं.

पाऊस लागायच्या आत अजून एक द्वादशी मिळते, तिचं तिकीट काढलंय. ते ८०० रुपये अजून आलेले नाहीत. जाईन त्या दिवशी आधी काउंटरवर तेच मागणार आहे.