हब डायनॅमो : काही महिन्यांच्या वापरानंतर, डॅन्यूबकाठच्या एका दिवसाच्या हिशोबात

सायकलवर हब डायनॅमो बसवावा का, याचं उत्तर तुम्ही दिवसभर कोणत्या वेगानं सायकल चालवता त्यावर आहे. युरोपात सामान लादून काही महिने तो वापरला, आणि माझे तरी पैसे वसूल झाले.

हा डायनॅमो पुढच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे मधल्या तुंब्यातच असतो आणि चाक फिरलं की वीज तयार करतो. ६ व्होल्ट, ३ वॉट. ताशी १५ किलोमीटरच्या आसपास तो नीट वीज देऊ लागतो. यूएसबी चार्जरमध्ये थोडी वाया जाते, हाती दोन-अडीच वॉट उरतात. फोनची बॅटरी साधारण १५ वॉट-तासांची, म्हणजे रिकामा फोन भरायला सहा-सात तास पेडल मारायचं. नकाशा उघडा ठेवून फोन लावलात तर टक्के वाढत नाहीत, फक्त उतरायचे थांबतात. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही.

याला सगळ्यात मानवणारा दिवस म्हणजे डॅन्यूब नदीकाठचा, जर्मनीतलं पासाऊ ते लिंझ. पासाऊला इन आणि इल्झ या दोन नद्या डॅन्यूबला मिळतात. तिथून ऑस्ट्रियातलं लिंझ शंभरेक किलोमीटरवर. रस्ता नदीला धरून, जवळजवळ सपाट. डॅन्यूबचे किलोमीटर काळ्या समुद्राकडच्या मुखापासून वरच्या दिशेला मोजतात, त्यामुळे प्रवाहाबरोबर जाताना काठावरच्या पाट्यांवरचा आकडा उतरत जातो. पासाऊला २२२५ च्या आसपास असतो, लिंझला २१३५. सामानासकट १७-१८ चा वेग सहज राहतो आणि पॉवरबँक गपचूप भरत राहते. हॉटेलात प्लग शोधायची घाई नाही, तंबूत राहिलं तरी चिंता नाही.

याच वाटेवर श्लोगन गावाजवळ नदी असा वळसा घेते की जवळजवळ उलटी फिरते. त्या भागात डाव्या काठाचा रस्ता संपतो आणि सायकल होडीत चढवावी लागते. चाक थांबलं की वीज थांबते. फोन थेट डायनॅमोला जोडला असेल तर प्रत्येक थांब्याला चार्जिंग तुटतं, पुन्हा जुळतं, दर वेळी स्क्रीन पेटते आणि उलट बॅटरी खाते. म्हणून मध्ये पॉवरबँक हवीच, आणि तीसुद्धा एकाच वेळी वीज घेणारी आणि देणारी. सगळ्या पॉवरबँकांना हे जमत नाही, घेताना विचारून घ्या.

पुढे ओटेन्सहाइमची होडी बघायला मी मुद्दाम थांबलो. तिला इंजिन नाही. नदीवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोराला धरून ती नुसत्या प्रवाहाच्या जोरावर पलीकडे जाते. तास गेला तिथे, आणि सार्थकी लागला.

त्यामुळे लिंझ गाठेपर्यंत अंधारलं. त्या टप्प्यात सायकलचा मार्ग वाहत्या रस्त्याला लागून आहे, आणि डायनॅमोची खरी किंमत मला तिथे पटली. जर्मन नियमांनुसार बनवलेल्या दिव्याचा झोत वरून कापलेला असतो. रस्ता स्वच्छ दिसतो, समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. सिग्नलला थांबलं तरी आतल्या, थोडी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर दिवा काही मिनिटं मंद जळत राहतो. दिवा लावला की चार्जिंग बंद ठेवायचं. दोन्हीला पुरेल एवढी वीज नसते.

आता दुसरी बाजू. ऑस्ट्रियातल्या आल्प्समध्ये, ग्रोसग्लॉकनरच्या घाटात होख्टोर ही खिंड २५०४ मीटरवर आहे. भरल्या सायकलवर तो चढ ताशी सहा-सातच्या वेगानं चढतो आपण, आणि तेवढ्यात चार्जरमध्ये जीव येत नाही. डोंगराळ प्रवासच जास्त असेल तर हे पैसे मोठ्या पॉवरबँकेत घाला.

सायकल उचलून चाक हातानं फिरवलं की चुंबकांचे खटके बोटांना कळतात, त्यामुळे दुकानात लोक बिचकतात. चालवताना मात्र ओढ जाणवत नाही.

तक्रार आहे ती चार्जरबद्दल. सलग पावसात त्याच्या सॉकेटमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडल्या, आणि कंपनीनं गॅरंटीत पाण्याचं नुकसान येत नाही म्हणून हात वर केले. नव्या चार्जरला रबरी टोपण असलेलंच सॉकेट घेतलं आणि ते खाली तोंड करून बसवलं. हबजवळची वायर पंक्चर काढताना आधी सोडवायची असते, ते मात्र सवयीचं होतं.

चाक बांधून घेताना आऱ्यांचा ताण सारखा करणारा चांगला कारागीर गाठा. सामानाच्या वजनाखाली हब टिकतो, तुटतात त्या आऱ्या.