पायलॉनची 'जायरेट' एलपी: नाशिकमध्ये वाजवणाऱ्या प्रत्येकानं ऐकावी अशी

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना वेळ नाही ते मोकळे. घ्या. रेकॉर्ड प्लेयर नसेल तर स्ट्रीमिंगवर ऐका पण ऐका, आणि शक्यतो मोबाईलच्या स्पीकरवर नको, कारण या रेकॉर्डमधला अर्धा जीव बासमध्ये आहे आणि मोबाईलवर तो ऐकूच येत नाही.

पायलॉन या बँडचा हा पहिला अल्बम, मूळ १९८०चा. माझ्याकडे आहे ती न्यू वेस्ट रेकॉर्ड्सनं २०२० मध्ये मूळ टेप्सवरून रीमास्टर करून काढलेली एलपी. ऑनलाइन मागवली, कुरियर धरून साडेतीन हजारांच्या आसपास गेले. विकणाऱ्यानं पॅकिंग साधंच केलेलं त्यामुळे कव्हरचा एक कोपरा दबून आला, पण रेकॉर्ड सपाट आहे, खरखर नाही, सुई ठेवल्यावर गाणं सुरू व्हायच्या आधीची शांतता पण स्वच्छ आहे. कोपऱ्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही, एवढे पैसे मोजल्यावर वाटणारच.

आता पायलॉन कोण, कारण आपल्याकडे हे नाव फार कमी जणांना माहितीये. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं युनिव्हर्सिटीचं गाव आहे, अटलांटापासून साधारण ११० किलोमीटर. १९७७च्या फेब्रुवारीत तिथल्या एका घरातल्या पार्टीत बी-फिफ्टी-टूज हा बँड पहिल्यांदा वाजला आणि त्यानंतर त्या गावात जे काही झालं ते आजपर्यंत लोक अभ्यासतायत. १९८० मध्ये आर.ई.एम. तिथेच एका जुन्या चर्चमध्ये पहिल्यांदा वाजले, पुढे ते जगभर गेले. या दोघांच्या मधला बँड म्हणजे पायलॉन, आणि माझ्या मते त्या गावाचा खरा आवाज हाच. हे मी एकटाच म्हणत नाहीये. १९८७ मध्ये रोलिंग स्टोन मासिकानं आर.ई.एम.ला अमेरिकेतला सर्वोत्तम रॉक बँड म्हटलं तेव्हा त्यांचा ड्रमर बिल बेरी म्हणाला होता की तो मान पायलॉनचा आहे. आर.ई.एम.नं स्वतः वाजवलेलं पायलॉनचं एक गाणंही त्याच वर्षी त्यांच्या एका संकलनावर आलं, बऱ्याच लोकांना पायलॉन तिथूनच कळले.

रँडी बेवली आणि मायकल लाचोव्स्की हे दोघं युनिव्हर्सिटीत आर्ट शिकणारे, एकाला गिटार येत नव्हती, दुसऱ्याला बास येत नव्हता, तरी दोघांनी वाद्यं मिळवली आणि एकच तुकडा परत परत, परत परत वाजवत बसायचे. वरच्या मजल्यावर कर्टिस क्रो राहायचा, त्याच्या कानावर हे रोज पडायचं, शेवटी तो खाली आला आणि म्हणाला मी ड्रम्स वाजवू का. गायक नव्हताच. आधी त्यांनी पोपटाला बोलायला शिकवायची एक रेकॉर्ड असते ती गाण्याच्या जागी लावून बघितली! मग १९७९ मध्ये व्हनेसा ब्रिस्को आली, ती पण आर्टचीच, आणि बँड झाला. प्लॅन असा की न्यूयॉर्कला जायचं, तिथल्या एका म्युझिक मासिकात आपल्याबद्दल छापून आलं की बँड बंद. करियर वगैरे डोक्यातच नव्हतं. त्याच वर्षी बी-फिफ्टी-टूजच्या ओळखीनं न्यूयॉर्कला गँग ऑफ फोर या ब्रिटिश बँडच्या आधी वाजवायला मिळालं, छापूनही आलं, आणि मग बंद करावंसं वाटेना कारण मजा यायला लागलेली.

तर रेकॉर्ड. पहिलं गाणं 'व्हॉल्यूम' सुरू झालं की दोन मिनिटात कळतं इथे कोणी कोणाच्या पुढे पळत नाहीये. रॉकमध्ये आपल्याला सवय असते की गिटार राजा आणि बाकी सगळे मागे उभे. इथे बास पुढे आहे, मोठ्या, गोल, साध्या सुरात चालतोय, ड्रम्स सरळ, उगाच रोल नाहीत, आणि गिटार मध्येमध्ये येऊन टोचून जाते. बेवली गिटार स्वतःच्या पद्धतीनं वेगळी लावायचा, नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये नाही, म्हणून ते कॉर्ड ओळखीचे वाटत नाहीत, आमच्या बँडच्या गिटारवाल्यानं पकडायचा प्रयत्न केला तर म्हणाला यातलं निम्मं माझ्या हातात बसतच नाहीये. सोलो अख्ख्या अल्बममध्ये शोधून सापडणार नाही. आणि तरीही, किंवा त्यामुळेच, पाय थांबत नाहीत. हे नाचायचं संगीत आहे, पार्टीत घामाघूम होऊन नाचणाऱ्या लोकांसाठी बनवलेलं, आणि ते ऐकताना जाणवतं.

आणि व्हनेसा. तिच्याबद्दल काय लिहू. गोड गात नाही, गुरगुरते, ओरडते, मध्येच एखादी सूचना वाचून दाखवावी तसं सपाट बोलते, आणि पुढच्या ओळीला अंगावर येते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल हिला सूर नाही. दोन गाणी थांबा. सूर आहे, पण तो तिला सजवायचा नाहीये. 'फीस्ट ऑन माय हार्ट'मध्ये तिचा आवाज जसा फुटतो ना तसं फुटणं मी भल्याभल्या गायकांकडे ऐकलेलं नाही.

मला स्वतःला सगळ्यात जवळची गाणी म्हणजे 'प्रिकॉशन', 'डेंजर' आणि 'वर्किंग इज नो प्रॉब्लेम'. नावं बघा. अथेन्सला तेव्हा ड्यूपाँटचा कारखाना होता आणि बँडमधल्या काही जणांनी तिथे काम केलेलं. बँडचं नाव पण रस्त्यावर, कारखान्यात ठेवतात त्या नारिंगी सेफ्टी कोनवरून. मी अंबड एमआयडीसीत शिफ्ट करतो. गेटमधून आत शिरलं की पहिला बोर्ड सुरक्षेचा, मग हेल्मेट, मग पिवळे पट्टे, मग कोन, आणि दिवसभर मशीनचा एकच ताल, धड धड धड, आठ तास. हा आवाज आपल्या डोक्यात घरी येऊन पण चालू असतो हे शॉप फ्लोअरवर काम केलेल्या कोणालाही विचारा. या चौघांनी तो ताल घेतला, त्या बोर्डांवरची भाषा घेतली, आणि त्यावर लोकांना नाचवलं. कामाचा कंटाळा सांगितला नाही, कामावर रडले नाहीत, काम होतं तसं गाण्यात आणलं. सातपूर-अंबडमध्ये एवढे कारखाने, एवढी पोरं शिफ्ट करून संध्याकाळी गिटार उचलतात, आणि गाणी मात्र बीच, पाऊस आणि ब्रेकअपवर. मला हे खरंच लागतं.

आपल्या सीनबद्दल बोलायलाच लागेल कारण रेकॉर्ड ऐकताना माझ्या डोक्यात सारखं तेच येत होतं. नाशिकला संगीत कमी आहे असं कोणी म्हणू नये, विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत आश्रम केला, द. वि. पलुस्कर इथे जन्मले, कालिदास नाट्यगृहात नाटक-गाणं चालूच असतं. सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव २००८ पासून सुरू झाला, गंगापूर धरणाजवळच्या सुलाच्या वायनरीत भलेभले बँड येऊन वाजवून गेले आणि आपल्यातल्या खूप जणांनी मोठ्या स्टेजवरचा रॉक पहिल्यांदा तिथेच बघितला, त्याबद्दल मी कायम आभारी राहीन. पण तो वर्षातून एकदा आणि तिकीट काढून. बाकीचं वर्ष काय? कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या कॅफेत वाजवायचं तर हिंदी अनप्लग्ड, तीच तीच दहा गाणी, आणि मालक येऊन सांगणार आवाज कमी करा लोकांना बोलायचंय. बिल्डिंगमध्ये प्रॅक्टिस केली की सोसायटीचा फोन. आम्ही एका मित्राच्या गाळ्यात करतो, सुट्टीच्या दिवशी, लेथ मशीनच्या बाजूला ड्रम किट लावून, आणि चांगला ड्रमर तयार झाला की त्याला पुण्यात नोकरी लागते किंवा तो कसारा घाट उतरून मुंबईला जातो. जाऊ नये असं कसं म्हणणार, पोट आहे. पण अथेन्समध्ये जे झालं ते मोठ्या स्टेजमुळे नाही झालं. कर्टिस क्रोच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत एकच ४० वॅटचा बल्ब होता, तिथे १९७८च्या हॅलोविनला पार्टी झाली, त्यावरून त्या जागेला ४० वॉट क्लब म्हणायला लागले, आणि त्या नावाचा क्लब जागा बदलत बदलत आजही अथेन्समध्ये चालू आहे. एक खोली आणि एक बल्ब होता हो. आणि ऐकायला, नाचायला येणारे मित्र, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण तिथे एका बँडचे लोक दुसऱ्या बँडच्या पार्टीत नाचत होते, आपल्याकडे एक बँड वाजत असला की दुसरा बाहेर चहाच्या टपरीवर उभा.

आणि ताल! मंडळी, आपण ढोलाच्या गावचे आहोत. गणपतीच्या आधी गोदेच्या काठाला, मोकळ्या मैदानांवर पथकांची प्रॅक्टिस सुरू होते, एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला हाताची थापी, शंभर माणसं एकच हात तासभर वाजवतात आणि कोणालाही कंटाळा येत नाही उलट अंगात यायला लागतं. 'जायरेट' ऐकताना मला पहिली आठवण त्याचीच झाली. संगीत वेगळं आहे, देश वेगळा, काळ वेगळा, पण साधा हात घट्ट धरून ठेवायचा आणि त्यातूनच जोर वाढवत न्यायचा ही ताकद तीच. ज्याच्या हाडात ही गोष्ट लहानपणापासून आहे त्यानं रॉक करताना ती घरी का ठेवून यावी हे मला कळत नाही. आमचा बासवाला पथकात ढोल वाजवतो, त्याला ही रेकॉर्ड ऐकवली तर पहिल्याच बाजूला म्हणाला, अरे हे तर आपल्याला येतं. तेव्हापासून गाळ्यातली प्रॅक्टिस बदललीये, आता आम्ही एकच तुकडा वीस मिनिटं वाजवतो, कॉर्ड बदलायची घाई नाही, आणि पहिल्यांदाच असं वाटतंय की हा आवाज आमचा आहे.

न्यूयॉर्कच्या एका समीक्षकाला पायलॉन ऐकून वाटलेलं की ही पोरं जमैकाचं डब संगीत कोळून प्यायलीत, आणि यांनी डब तोपर्यंत ऐकलंच नव्हतं. मग त्यावरच त्यांनी 'डब' नावाचं गाणं केलं. स्वतःच्या खोलीत बसून शोधलेलं होतं ते सगळं.

तक्रारी आहेत. दुसऱ्या बाजूला मध्ये दोन-तीन गाणी एकाच वेगाची लागून येतात आणि लक्ष थोडं सुटतं, 'स्टॉप इट' आल्यावर परत जागेवर येतं, ते शेवटचं गाणं जबरदस्त आहे. मेलडी शोधणाऱ्यांना, म्हणजे ज्यांना आर.ई.एम.सारखं गुणगुणता येणारं हवंय त्यांना हे कोरडं वाटेल, त्यांनी १९८३चा दुसरा अल्बम 'चॉम्प' आधी ऐकावा, तो जास्त उजळ आहे, गिटार पण मोकळी आहे. किंमत हा मोठाच प्रश्न, इम्पोर्टेड एलपी आपल्या पगारात जड जाते. आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे 'कूल' आणि 'डब' ही दोन गाणी, जी त्यांच्या १९७९च्या पहिल्या सिंगलवर, म्हणजे दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर होती आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्यात भारी गाण्यांपैकी आहेत, ती मूळ अमेरिकन एलपीवर नव्हती. डीएफए लेबलनं २००७ मध्ये सीडी काढली तिच्यात ती जोडलीयेत, सेकंडहँड मिळाली तर ती पण वाईट नाही, स्वस्त पडेल.

पायलॉनचा बॉक्स सेट पण आहे, ४ एलपी आणि २०० पानांचं पुस्तक. ते पुस्तक बघायची फार इच्छा आहे पण आमच्यातल्या तिघाचौघांनी मिळून पैसे काढले तरच जमेल, तसं बोलणं चालू आहे.

बँडचं पुढे काय झालं विचाराल तर १९८३ मध्ये त्यांच्यासमोर यू-टू या आयरिश बँडच्या टूरवर आधी वाजवायची संधी होती, कोणीही उडी मारली असती, यांनी ठरवलं की आता मजा राहिली नाही आणि थांबले. नंतर दोनदा परत जमले, १९९० मध्ये तिसरा अल्बम पण केला. २००९ मध्ये रँडी बेवली गेला आणि पायलॉन संपला. व्हनेसा मधल्या काळात नर्स म्हणून नोकरी करत होती, आता अथेन्समधल्याच नव्या लोकांना घेऊन पायलॉन रीनॅक्टमेंट सोसायटी या नावानं वाजवते, २०२४ मध्ये त्यांचा 'मॅग्नेट फॅक्टरी' आला, तो पण ऐका, आवाजात अजून तोच करारीपणा आहे.

ऐकायचा क्रम माझ्याकडून असा: स्ट्रीमिंगवर आधी 'कूल', मग 'व्हॉल्यूम', मग 'डेंजर'. तिन्हीपैकी एकावर जरी मान हलली तर एलपीचे पैसे वाया जाणार नाहीत. मागवताना विकणाऱ्याला डबल पुठ्ठा घालायला सांगा. आणि कोणाला नुसती ऐकायची असेल, विकत न घेता, तर सुट्टीच्या दिवशी गाळ्यावर या, प्लेयर तिथेच ठेवलाय, येताना वाद्य घेऊन आलात तर अजून चांगलं, ढोल असेल तर ढोल आणा.